डोक्यात सिस्ट निघाली, मग मनाचा आजार तिच्यामुळेच का?

कवडसा

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ, वय २३. आम्ही सांगलीकडचे, तो पुण्याला नोकरीला होता. गेल्या दिवाळीनंतर बिघडत गेलं. आधी रूममेट माझा मोबाईल वाचतो, मग ऑफिसातले लोक माझ्याकडे बघून खुणा करतात, मग कानात दोन माणसं बोलतात आणि मी काय करतोय ते एकमेकांना सांगतात. आंघोळ बंद, जेवण बंद. जानेवारीत घरी आणलं. लिंबू उतरवून झालं, गाणगापूर झालं, मग मी भांडून सायकियाट्रिस्टकडे नेलं. रिस्पेरिडोन (भास-संशय कमी करणारी गोळी) सुरू झालं. तीन आठवड्यांत झोप लागायला लागली, आवाज कमी झाले, एकदा तर स्वतःहून चहा मागितला.

त्यानंतर डॉक्टर म्हणाले, एकदा एमआरआय काढून ठेवू. रिपोर्टात आलं: मेंदूच्या डाव्या बाजूला, टेम्पोरल (कानशिलाकडच्या) भागाच्या पुढच्या टोकाशी अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, ३.१ बाय १.९ सेंमी, गॅलासी टाइप १, नो मास इफेक्ट.

आता खरी गोष्ट. डोक्यात गाठ आहे म्हटल्यावर कुठल्याही घरात रडारड होईल. आमच्याकडे आईने देवापुढे साखर ठेवली. "बघ, वेडबिड काही नाही, गाठ आहे गाठ." बाबांचं म्हणणं, गाठ काढली की विषय संपला, मग या झोपेच्या गोळ्या कशाला? चार दिवस झाले, गोळ्या बंद आहेत. आत्या फोनवर म्हणाली, ऑपरेशन झालेला मुलगा स्थळाला चालतो, तो दुसरा शब्द कुठे बोलू नका.

विचारायचं एवढंच, की अशा सिस्टमुळे खरंच आवाज ऐकू येणं, संशय येणं असं होतं का? आणि ती काढली तर बरं होतं का? कोणाच्या घरात असं घडलंय?

मीठमसाला

ताई, काळजी घ्या. गाठ म्हणजे कॅन्सरची नाही ना? तेवढं आधी विचारून घ्या.

क्ष_किरण

दिवसाला पंधरा-वीस मेंदू बघणं हा माझा धंदा आहे (फिल्मवर. समोरासमोर नाही). तुमचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

सगळ्यात आधी, गोळ्या आजच्या आज सुरू करा किंवा निदान आजच्या आज त्या डॉक्टरांना फोन करा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आता गाठ. हा शब्दच घोळ करतो. मराठीत ट्यूमरलाही गाठ, सिस्टलाही गाठ, काखेत आलेल्या अवधाणालाही गाठ. अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. मेंदूवर तीन आवरणं असतात, त्यातल्या मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आवरणाला दुपदर पडतो आणि त्यात मेंदूभोवती असतं तेच पाणी साठतं. कॅन्सरशी संबंध नाही. बहुतेक वेळा ती जन्मापासूनच असते. रिचर्ड ब्राइट नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८३१ सालीच तिचं वर्णन करून ठेवलंय, तेही शवविच्छेदनात. म्हणजे तेव्हाही लोक ती घेऊन जगत होते आणि भलत्याच कारणाने मरत होते.

मिशिगन विद्यापीठाच्या इस्पितळात ४८,४१७ मोठ्या माणसांचे एमआरआय तपासले तेव्हा १.४ टक्के लोकांत अशी सिस्ट सापडली. त्यातल्या बहुतेकांना तिचा काही त्रास नव्हता. सगळ्यात नेहमीची जागा तुमच्या भावाची आहे तीच, टेम्पोरल भागाजवळ, आणि डाव्या बाजूला जास्त. टाइप १ म्हणजे त्यातली सर्वात लहान. 'नो मास इफेक्ट' म्हणजे ती शेजाऱ्याला ढकलत नाहीये.

पायात काटा मोडला म्हणून एक्सरे काढावा आणि सहावं बोट दिसावं, तसा हा प्रकार असण्याची शक्यता जास्त. सहावं बोट खरंच असतं. पण दुखत असतो काटा.

टवाळभैरव

"दिवसाला पंधरा-वीस मेंदू बघतो." डॉक्टर, या संस्थळावर यायला लागल्यापासून तेवढे एकत्र कधी दिसले नसतील.

लातूरकर_मास्तर

क्ष_किरण म्हणतात ते पटलं, पण सगळ्या सिस्ट अशा गरीब नसतात. आमच्या घरातलं सांगतो.

२०१६ ची गोष्ट. बायकोला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या आकडी आली. हात वाकडा, तोंडाला फेस. शेजारणी म्हणाल्या, अंगात आलं. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. सीटी केला तर मेंदूत एक बारकी गोल गाठ, भोवती सूज. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. म्हणजे फीतकृमीची अळी मेंदूत जाऊन सिस्ट करून बसलेली. आम्ही चार पिढ्यांचे माळकरी. अंड्याचा वास आला तरी सासूबाई घर धुवून काढायच्या. डॉक्टर म्हणाले हा डुकराच्या मांसातला जंत आहे, तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर काय काय खातो ते आज कळलं.

उपचार झाले, आकडी थांबली. पण बायको बदलली. शांत बाई, ती ताट भिरकवायला लागली. पोरांवर हात उचलायला लागली आणि मग रात्रभर रडायची. सगळे म्हणाले मेंदूतला किडा करतोय. मीही तेच समजलो. पाच महिने गेले त्यात. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची चिठ्ठी बघितली आणि विचारलं, चिडचिड ही गोळी सुरू झाल्यावर की आधीपासून? फिटची गोळी होती, लेव्हेटिरासिटॅम. काही लोकांना तिने चिडकेपणा येतो, क्वचित भासही होतात म्हणे. हळूहळू बदलून दुसरी दिली. महिन्याभरात बायको परत आली. म्हणजे ती माहेरी गेली नव्हती, इथेच होती, पण परत आली.

सडेतोड

म्हणून सांगतो, पत्ताकोबी बंद करा! आमच्या घरात तीन वर्षं आणलेला नाही. त्यातला किडा उकळूनही मरत नाही.

खादाड_खंडू

आणि चायनीज?

सडेतोड

ते बाहेर खातो.

टवाळभैरव

_/\_ दंडवत घ्यावा.

क्ष_किरण

कोबीवर आलोच आहोत तर एकदा नीट लिहितो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर हा किडा अमर आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाल्लं आणि त्यात अळ्या असल्या, तर आतड्यात फीतकृमी होतो. त्या माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती अंडी हातामार्फत, पाण्यातून, मैलपाण्यावर पिकवलेल्या पालेभाजीतून दुसऱ्या कोणाच्याही पोटात गेली, की त्यांच्या अळ्या रक्तातून मेंदूत जातात आणि सिस्ट होते. म्हणजे मेंदूचा आजार व्हायला मांस खावं लागतच नाही, दुसऱ्याची घाण पोटात जावी लागते. मास्तर, सासूबाईंना हे वाचून दाखवा, उशिरा का होईना.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये कडव्या ज्यू कुटुंबांत हाच आजार निघाला होता. ज्यांच्या धर्मात डुक्कर निषिद्ध, त्यांच्या मेंदूत डुकराचा जंत! उलगडा असा झाला की घरात स्वयंपाकाला बाहेरच्या देशांतून आलेल्या बायका होत्या आणि त्यातल्या काहींच्या पोटात कृमी होता. हात धुण्याचा प्रश्न.

कोबीचा दोष एवढाच, की पानांच्या घड्यांत माती अडकते. वरची पानं काढा, सुटी करून वाहत्या पाण्यात धुवा, शिजवा. शिजल्यावर अंडी मरतात. उकळूनही न मरणारा किडा फक्त फॉरवर्डात असतो. कच्च्या सॅलडबद्दल मात्र मी गाडीवर दोनदा विचार करतो.

आणि हो, मास्तरांच्या घरात गोळीचा दोष निघाला, तरी या आजारातही मनावर परिणाम होतो हे खरं आहे. ब्राझीलमध्ये १९९७ साली अशा ३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत नैराश्य आढळलं, १४ टक्क्यांत सायकोसिस, म्हणजे भास होणं, भलते संशय येणं. पण ३८ च माणसं, तीही मोठ्या इस्पितळात येणारी, फिट आणि औषधं सोबतीला. त्यातलं किती किड्याचं, किती फिटचं, किती गोळीचं आणि किती "आता माझं कसं होणार" या धास्तीचं, हे वेगळं काढणं कठीण. मास्तरांच्या घरात पाच महिने गेले ते त्याचमुळे.

अंकलिपी

मी आकडेमोडीचा माणूस, म्हणून एक गणित मांडतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की स्किझोफ्रेनिया (असे आवाज, असे संशय येणारा दीर्घ मनोविकार) साधारण ३०० माणसांत एकाला असतो. महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ कोटी २४ लाख. म्हणजे पावणेचार लाख माणसं. क्ष_किरण यांचे १.४ टक्के घेतले, तर दोन्ही गोष्टींचा काहीही संबंध नसताना, निव्वळ योगायोगाने, या राज्यात सव्वापाच हजार माणसांना स्किझोफ्रेनियाही असेल आणि सिस्टही. नाशिक-सिन्नरसारखा पट्टा घेतला तरी दर तालुक्यात काही जण निघतील.

यातला एखादा डॉक्टरसमोर आला की तो केस रिपोर्ट लिहितो: "सिस्ट असलेल्या रुग्णात मनोविकार." पण सिस्ट असून धडधाकट असलेल्या पंधरा लाख लोकांवर कोणी रिपोर्ट लिहीत नाही. छापायला काय, "सिस्ट होती, माणूस बरा होता, घरी गेला"?

सडेतोड

इस्पितळात एमआरआय काढायला येणारे लोक म्हणजे जनता नव्हे. त्यामुळे १.४ टक्के महाराष्ट्राला लावणंच चूक.

अंकलिपी

मान्य. अर्धे करा. तरी अडीच हजार उरतात. कोबी सोडून तुमचा एक तरी मुद्दा पटला याचा आनंद आहे.

काळाकोट

अवांतर, पण याच सिस्टवरून एक गाजलेला खटला आहे म्हणून लिहितो.

जानेवारी १९९१, मॅनहॅटन. हर्बर्ट वाइनस्टाइन नावाचा पासष्टीचा जाहिरात व्यवसायातला माणूस. आयुष्यात कधी हिंसेचा इतिहास नाही. बायकोशी वाद झाला, त्याने तिचा गळा दाबला आणि आत्महत्या वाटावी म्हणून बाराव्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकलं. बचाव पक्षाने मेंदूची तपासणी केली, तर डाव्या बाजूला पुढे भली मोठी अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट. मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये त्या भागाचं काम मंदावलेलं. वकिलांनी ती चित्रंच कोर्टापुढे ठेवायचं ठरवलं.

१९९२ मध्ये न्यायाधीशांनी जो निर्णय दिला तो या धाग्याला नेमका लागू पडतो. चित्रं दाखवा म्हणाले, सिस्ट आहे हेही सांगा. पण अशा सिस्टमुळे माणूस थेट हिंसक होतो असं मात्र साक्षीत म्हणता येणार नाही, कारण शास्त्रात ते मान्य झालेलं नाही. तरी ज्यूरीपुढे ते रंगीत चित्र जाणार या धास्तीने सरकार पक्षाने तडजोड केली. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, ७ ते १४ वर्षं.

खादाड_खंडू

म्हणजे डोक्यात पाणी असेल तर खून माफ?

काळाकोट

माफ नाही झाला, तुरुंगात गेला तो. आणि आपल्याकडे एवढ्यावर भागतही नाही. आधीचं भादंवि कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं २२. त्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे कळण्याची शक्तीच मनोविकाराने गेली होती, हे दाखवावं लागतं. खिडकीतून टाकून आत्महत्येचा देखावा करणाऱ्याला काहीतरी कळत होतं, असंच कुठलंही कोर्ट म्हणेल.

मीठमसाला

ताईंनी भावाबद्दल विचारलंय आणि तुम्ही खुनाच्या गोष्टी काय सांगताय? मनाचा आजार म्हटलं की लगेच खून. जरा भान ठेवा.

काळाकोट

बरोबर बोललात. कवडसा, माफ करा. त्या माणसाला मनाचा आजार होता असंही सिद्ध झालं नव्हतं, हे आधी लिहायला हवं होतं.

तापीकाठ

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझा थोरला भाऊ. १९९९ पासून स्किझोफ्रेनिया. आमच्या वेळी एमआरआयला जळगावहून बाहेर जावं लागायचं. केळीचा एक हंगाम त्यात गेला. रिपोर्ट काय आला? नॉर्मल. तुमच्या आईने साखर ठेवली ना ताई, माझी आई त्या दिवशी जेवली नाही. तिला काहीतरी निघायला हवं होतं. डॉक्टरला म्हणाली, "नीट बघा ना, काहीतरी असेल." निरोगी मेंदूचा फोटो हातात घेऊन रडणारी माझी आई मी पाहिलेली आहे. त्यामुळे तुमच्या आईला हसावं असं मला जराही वाटत नाही.

गाठ चारचौघांत सांगता येते. बघायला लोक येतात, नारळपाणी आणतात, कुठल्या डॉक्टरला दाखवलं विचारतात. आमच्याकडे पंचवीस वर्षांत भावाला "बघायला" म्हणून कोणी आलं नाही. दारात उभे राहून मलाच विचारतात, "आता कसा आहे?", तेही डोळ्यांनी आतल्या खोलीकडे खूण करून.

पण एक सांगतो, रागावू नका. आम्ही तीन वेळा गोळ्या बंद केल्या. एकदा बुवाने सांगितलं म्हणून, एकदा तो बराच झाला होता म्हणून, एकदा लग्न ठरत होतं म्हणून. दर वेळी आजार उलटला. पहिल्या दोन्ही वेळा गोळ्या परत सुरू केल्यावर तो साताठ महिन्यांत होता तिथे आला. तिसऱ्या वेळी होता तिथे आला नाही. आधी हिशेब बघायचा दुकानाचा. त्यानंतर सुटे पैसेही मोजता आले नाहीत. तुमच्या बाबांशी मी फोनवर बोलायला तयार आहे. बाप माणूस बापमाणसाचं ऐकतो कधीकधी.

कवडसा

दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचायला दिला. काही बोलले नाहीत. चष्मा पुसून परत वाचला. गोळी काल रात्री दिली.

अबोली

सगळ्यांचा सूर "सिस्टचा काही संबंध नसतो" असा लागलाय म्हणून दुसरी बाजू मांडते.

माझ्या मामेबहिणीचा नवरा, वय ४१, बँकेत. दीड वर्षात माणूस मंद होत गेला. बोलणं कमी, आवड कशातच नाही, विसरभोळेपणा इतका की गाडी स्टेशनवर लावून रिक्षाने घरी आला. नैराश्य म्हणून गोळ्या सुरू झाल्या. डोकं दुखायचं, वाकलं की जास्त, सकाळी उलटी. पित्त म्हणून त्यावर आमसूल. साहेब म्हणाले कामचुकार, सासू म्हणाली सोंगं. शेवटी चष्म्याचा नंबर बदलायला गेला तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यामागची सूज बघितली आणि त्याच दुपारी सीटीला पाठवलं. कोलॉइड सिस्ट. मेंदूच्या मधोमध, पाणी वाहून जायच्या वाटेवर बूच बसल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सर्जन म्हणाले, या सिस्टने माणूस झोपेतही जातो.

आज तो कामावर आहे. डोकेदुखी गेली, हसायला लागला. स्मरणशक्ती पूर्वीसारखी नाही, वही ठेवतो खिशात. मग त्या दीड वर्षातलं "नैराश्य" कोणाचं होतं?

क्ष_किरण

अबोली, हेच लिहायला हवं होतं मी. सिस्ट म्हटलं की सगळ्या एका माळेच्या नाहीत. कोलॉइड सिस्ट दीड सेंटिमीटरची असली तरी जागा अशी अडचणीची, की पाणी तुंबतं. दाराच्या उंबऱ्यात ठेवलेली वीट आणि अंगणाच्या कोपऱ्यातली वीट यात फरक असतो. कवडसांच्या भावाची कोपऱ्यातली वाटते.

आणि तुम्ही सांगितलेल्या खुणा कोणीही लक्षात ठेवाव्यात. वाकल्यावर वाढणारी डोकेदुखी, सकाळची उलटी, फिट, चालताना तोल, नकळत लघवी होणं, विसराळूपणा, मधूनच ग्लानी, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मनोविकार सुरू होणं. यातलं काही असेल तर मेंदू बघितल्याशिवाय गप्प बसू नये. आवाज ऐकू येण्यापेक्षा माणसं, प्राणी दिसणं जास्त असेल तरीही.

ओटी_सिस्टर

डोक्यातल्याच सिस्ट कशाला? आमच्याकडे वीस वर्षांची मुलगी आली होती. आठ दिवसांत वेड्यासारखी. बडबड, मग एकदम पुतळा, तोंडाची विचित्र हालचाल, मग फिट. घरचे बाहेरची बाधा म्हणत होते. एमआरआय नॉर्मल. शेवटी पाठीतलं पाणी तपासलं आणि पोटाची सोनोग्राफी केली. अंडाशयात गाठ! केस-दात असतात ना तसली, टेराटोमा. त्या गाठीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मेंदूवर उलटली होती. हा आजार डॉक्टरांनाच २००७ च्या सुमारास नीट कळला म्हणे. गाठ काढली, औषधं दिली. तीन महिन्यांनी पेढे घेऊन आली तेव्हा मी ओळखलंच नाही तिला. तिने तर कोणालाच ओळखलं नाही, त्या दिवसांतलं तिला काही आठवतच नव्हतं.

टवाळभैरव

खेळकर बोलायला काही सुचेना या प्रतिसादावर. वाचतोय.

फ्योर्डकाठी

इथे बर्गेनमध्ये राहतो म्हणून दोन पैसे. याच गावच्या इस्पितळातल्या न्यूरोसर्जननी टेम्पोरल अ‍ॅरॅक्नॉइड सिस्टवर बरीच वर्षं काम केलंय. ऑपरेशनआधी आणि नंतर रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या, शब्द आठवण्याच्या चाचण्या घेतल्या आणि अनेकांत सुधारणा झाली असं त्यांनी मांडलं. म्हणजे "लक्षण नाही" असं आपण ज्याला म्हणतो, तिथेही मेंदू थोडा दबलेला असू शकतो, हा त्यांचा मुद्दा. सगळे सर्जन याच्याशी सहमत नाहीत.

क्ष_किरण

नसतात, कारण हे शब्द आठवण्याबद्दल झालं, आवाज ऐकू येण्याबद्दल नव्हे. सिस्ट काढली आणि सायकोसिस गेला असे एकेकटे केस रिपोर्ट आहेत. पण त्यांत बहुतेकांना औषधंही चालू असतात, मग श्रेय कोणाला? उलट कवटी उघडण्याचे धोके खरे आहेत: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फिट.

शिवाय वेळेचा हिशेब घाला. सिस्ट जन्मापासून. आवाज तेविसाव्या वर्षी. पुरुषांमध्ये स्किझोफ्रेनिया सुरू होण्याचं वय नेमकं तेच, अठरा ते पंचवीसच्या आसपास. आणि रिस्पेरिडोनने तीन आठवड्यांत फरक पडला. त्या गोळीने पाण्याची पिशवी आटत नाही.

सडेतोड

मग एमआरआय काढायलाच कशाला लावतात? धंदा!

क्ष_किरण

हा वाद खरा आहे. इंग्लंडच्या नाइस या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००८ मध्येच सांगितलं होतं की पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या प्रत्येकाचा सरसकट स्कॅन काढू नका. २०२३ मध्ये सोळाशेवर रुग्णांचे स्कॅन एकत्र करून पाहिले, तेव्हा सुमारे ६ टक्क्यांत काहीतरी दखल घेण्याजोगं निघालं. त्यावरून काही जण म्हणतात, अठरांत एक सापडत असेल तर काढाच. मी रेडिओलॉजिस्ट, मला विचारू नका. न्हाव्याला विचारलं केस वाढलेत का, तर तो काय सांगणार?

माझं एवढंच म्हणणं की स्वस्तातलं आधी करा. थायरॉइड, बी१२, साखर. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ इतकं खाली असतं की विचारू नका, आणि त्यानेही मनावर परिणाम होतो.

लातूरकर_मास्तर

माझं ११२ निघालं होतं. माळ आणि बी१२ दोन्ही एकदम सांभाळणं अवघड.

कवडसा

मंडळी, पंधरा दिवसांनी लिहितेय.

न्यूरोसर्जनना दाखवलं. त्यांनी फिल्म उजेडाला धरली, भावालाच जवळ बोलावलं आणि दाखवली, "ही बघ तुझी पिशवी, तुझ्याइतकीच जुनी." ऑपरेशन नको म्हणाले. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढला, तो नॉर्मल. वर्षाने परत एमआरआय. डोकेदुखी, उलटी, फिट, काहीही झालं तर लगेच यायचं. आणि डोक्याला मार बसेल असे खेळ बंद, कारण अशा सिस्टभोवती मार लागला तर रक्त साठू शकतं. भावाचा चेहरा पडला, शाळेत तो तालुक्याला कबड्डी खेळलाय. सायकियाट्रिस्ट म्हणाले, गोळ्या चालू, निदानाचा शब्द सहा महिने तरी लिहायची घाई नको, बघत जाऊ.

बाबांनी विचारलंच, "म्हणजे गाठीमुळे नाही?" सर्जन म्हणाले, "शंभर टक्के नाही असं कोणी लिहून देणार नाही. पण या गाठीवर भरवसा ठेवून गोळी सोडू नका." बाबा परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत बसले होते. मिरज आल्यावर म्हणाले, त्या जळगाववाल्यांचा नंबर आहे का?

भाऊ आता बरा आहे. आवाज "लांब गेलेत" म्हणतो, शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसे. धागा त्यानेही वाचला. कोबीपाशी हसला.

रात्रीची गोळी आईच देते. तिने कॅलेंडरवर रोज खूण करायला सुरुवात केलीय आणि वर लिहिलंय, "गाठीची गोळी". मी पेन हातात घेतलं होतं, मग खाली ठेवलं.

तापीकाठ

खोडू नका. वडिलांचा फोन आला होता, चाळीस मिनिटं बोललो. त्यातली तीस केळीच्या भावावर.

आणि रात्रीबेरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्या वेळी नव्हतं.

सडेतोड

ताई, चांगली बातमी. आमच्याकडेही काल कोबी आणला. धुवून.

टवाळभैरव

धागा सार्थकी लागला. संपादकांनी मुख्य पानावर घ्यावा.

नवी_पालवी

नमस्कार, मी इथे नवीन आहे. संपूर्ण धागा वाचायला वेळ मिळाला नाही, पण माझ्या मुलीच्या एमआरआयमध्ये ७ मिमीची पिनियल सिस्ट (मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतली) आलीय आणि ती हल्ली फार चिडचिड करते. बारावीला आहे. सिस्टमुळेच असेल का?

क्ष_किरण

डॉक्टरांना रिपोर्ट दाखवाच. पण त्याआधी संपूर्ण धागा वाचा.